वर्षाचं धान्य, घाण्याचं तेल, उन्हाळ्यातलं वाळवण: घरी केल्यानं खरंच किती वाचतं?

मांजराकाठ (लातूर)

मंडळी, नमस्कार. आमचं घर सहा माणसांचं. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन लेकरं. मी शाळेत, नवरा खासगी नोकरीत. घर स्वतःचं आहे, तरी महिनाअखेर आली की हात आखडतोच. गेल्या काही वर्षांत आम्ही बऱ्याच गोष्टी पुन्हा घरी करायला लागलो. किराणा कुठं किती जातो ते वहीत लिहायला लागल्यापासून एक गोष्ट स्पष्ट झाली की घरचं सगळंच स्वस्त पडत नाही. काहींत चांगले पैसे वाचतात, काहींत जेमतेम, आणि एक-दोन गोष्टी बाजारापेक्षा महाग पडतात. म्हणून आकड्यांसकट लिहितेय. भाव आमच्याकडचे, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे असतील.

ज्वारी: आम्हाला दिवसाला किलोभर पीठ लागतं, म्हणजे वर्षाला साडेतीन क्विंटलच्या वर. सुगीत एकदम घेतलेली मालदांडी आणि दिवाळीनंतर दुकानातून पाच-पाच किलो आणलेली यांत किलोमागे आठ-दहा रुपयांचा फरक पडतो. वर्षाचे तीन हजार इथंच वाचतात, आणि मेहनत एवढीच की एकदा वाळवून कोठीत भरायची.

तूरडाळ: लातूर म्हणजे डाळीचं गाव, तरी आम्ही पाकिटातली डाळ आणायचो. आता 70 किलो तूर घेतो. 75 रुपयांनी 5250 झाले. गिरणीत डाळ करायची करणावळ साधारण 400. डाळ निघते 50 किलोच्या आसपास, म्हणजे किलोला 113 पडली. दुकानात तशीच डाळ 140 ला आहे. तेराशे-चौदाशे वाचले, वर चुणी निघते ती शेजारच्या म्हशीला जाते आणि त्या बदल्यात अधूनमधून ताक येतं.

तेल: इथं माझा अंदाज बदलला. करडी 60 रुपये किलो. लाकडी घाण्यात चार किलोला साधारण एक किलो तेल हाती येतं. म्हणजे 240 ची करडी, 40 मजुरी, त्यातून पेंडीचे 50 वजा केले तरी 230 रुपये किलो. सोयाबीनचं पाकीट 140 ला मिळतं. तेव्हा करडीचं तेल काढून पैसे वाचतात असं कुणी म्हणत असेल तर ते पटणारं नाही. बाटलीतलं 'लाकडी घाण्याचं' म्हणून विकतात त्यापेक्षा मात्र बरंच स्वस्त पडतं. आम्ही ते चवीसाठी आणि सासऱ्यांच्या आग्रहासाठी काढतो. बचत झाली ती तेल कमी वापरल्यानं. भज्या-पुऱ्या सणाला, आणि भाजीत पळीऐवजी चमचा.

आता तुम्ही सांगा. तुमच्या घरात काय परवडतं, काय परवडत नाही? आणि कोण करतं, तेही लिहा.

दुधनाकाठ (सेलू)

ज्वारीचा हिशोब पटला. एक भर घालते. धान्य वर्षाचं घ्यावं, पण दळण आठवड्याचंच करावं. ज्वारीचं पीठ पंधरा दिवसांवर गेलं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. मग भाकरी थापताना कडेला चिरा पडतात, उलटताना मोडते, आणि पीठ जास्त जुनं असेल तर कडवट लागतं. घरातली लेकरं भाकरी नको म्हणतात त्यात निम्मं कारण जुनं पीठ. पीठ शिळं असेल तर आधणाच्या पाण्यात मळावं, थोडीफार विरी परत येते.

आणि भाकरी खाणारं घर वाचवतं ते सकाळच्या नाश्त्यातही. आमच्याकडे बिस्किटं, टोस्ट, पोह्यांची पाकिटं असं महिन्याला हजारभर जायचं. आता आदल्या दिवशीची भाकरी कुस्करून फोडणीला, नाहीतर धपाटे, नाहीतर सुशीला. मुरमुरे भिजवून कांदा-मिरची-शेंगदाण्याचं कूट घालून पाच मिनिटांत होतो, पोरं आवडीनं खातात.

मोंढ्यातला माणूस (परभणी)

मी मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीवर हिशोबाचं काम करतो, म्हणून घेण्याबद्दल बोलतो. तूर जानेवारी-फेब्रुवारीत घ्या, हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये, ज्वारी आणि करडी मार्चच्या आसपास. आवक जोरात असते तेव्हा माल निवडायला मिळतो, हे भावापेक्षा महत्त्वाचं.

घेताना काय बघायचं ते सांगतो. दाणा दाताखाली धरा. कट्ट आवाज येऊन फुटला तर वाळलेला आहे. दबला, चेपला तर अजून ओल आहे, तो कोठीत टिकणार नाही. मूठभर तूर हातावर पसरून बघा, बारीक गोल भोक असलेला दाणा दिसला तर भुंगा शेतातूनच आलाय, तो कट्टा सोडून द्या. ज्वारीत हाताला चिकटणारी काळी भुकटी लागली तर ती पावसात सापडलेली आहे. भाव कितीही कमी सांगितला तरी घेऊ नका.

तुरीत पांढरी आणि लाल अशा दोन्ही येतात. आमच्याकडे बदनापूरच्या संशोधन केंद्राचं बीडीएन-711 हे पांढरं वाण भरपूर येतं. डाळ कुठलीही करा, पण पांढरा-लाल मिसळलेला माल घेऊ नका, शिजायला एकसारखी होत नाही.

आणि ओळखीचा शेतकरी असेल तर थेट खळ्यावरून घ्या. त्याची हमाली-तोलाई वाचते, तुमची आडत वाचते. दोघांचं भलं होतं.

बालाघाट (बीड)

सगळं बरोबर आहे, पण एक सांगू का. तुम्ही सगळे सुगीत एकदम वीस-पंचवीस हजार काढू शकणारे लोक आहात. आमच्या तालुक्यातली निम्मी घरं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलला परत येतात. हातात जो पैसा असतो तो उचलीत आधीच गेलेला असतो. त्यांनी ज्वारीचं पोतं कुठून घ्यायचं? ते रोज दहा रुपयांचं तेल, पाव किलो डाळ असंच आणतात, आणि सगळ्यात महाग तेच विकत घेतात. ज्याच्याकडे कमी त्यालाच जास्त भावानं घ्यावं लागतं, ही गोष्ट मला खरंच टोचते. याच्यावर काही उपाय असेल तर त्यावर बोलू या. बाकी कुरडया-पापडाचं कुणाला शिकवायची गरज नाही.

मांजराकाठ (लातूर)

@बालाघाट, तुमचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. रेशनचं धान्य माणशी महिना 5 किलो मोफत आहे, अंत्योदयवाल्यांना कार्डामागे 35 किलो, त्यामुळं गहू-तांदळाचं थोडं भागतं. पण डाळ, तेल, मिरची हे तर विकतच घ्यावं लागतं. आमच्या शाळेतल्या मदतनीस ताईंचं हेच दुखणं आहे. एकगठ्ठा पैसे कसे उभे करायचे यावर कुणी काही केलं असेल तर सांगा.

कयाधू (हिंगोली)

आम्ही करतो. धान्याची भिशी. आमच्या गल्लीत बारा बायका आहेत. जून ते फेब्रुवारी दर महिन्याला प्रत्येकी पाचशे. नेहमीच्या भिशीत चिठ्ठी काढून एकीला पैसे देतात, तसं इथं करत नाही. सगळे पैसे बचत गटाच्या खात्यात राहतात. नऊ महिन्यांत एकीचे साडेचार हजार होतात, बाराजणींचे 54 हजार. मार्चच्या सुमारास त्यातून तूर, हरभरा, मिरची एकदम घेतो. कुणाला तूर जास्त लागते, कुणाला हरभरा, ते वहीत आधीच लिहिलेलं असतं. मोंढ्यात एका गाडीचं भाडं बाराजणींत वाटलं जातं.

यात दोन बाया रोजंदारीवर जाणाऱ्या आहेत. त्यांना पाचशे एकदम जमत नाहीत, त्या आठवड्याला सव्वाशे देतात. चालतं. ज्या महिन्यात काम नाही त्या महिन्यात इतर जणी भरतात आणि नंतर फेडून घेतात. लिहून ठेवलं की भांडण होत नाही.

नांदेडची सून (नांदेड)

हे सगळं वाचून मला जरा बोलावंसं वाटलं. पहिल्या पोस्टच्या शेवटी विचारलंय, 'कोण करतं तेही लिहा'. सुरुवातीलाच ते आलं हे चांगलं झालं, कारण असल्या चर्चेत ते कधीच येत नाही.

मी नोकरी करते. सकाळी आठला निघते, साडेसहाला परत. आमच्याकडे लग्न होऊन आले तेव्हा एप्रिल-मे म्हणजे सगळ्या रविवारी गच्चीवर. कुरडया, पापड, शेवया, सांडगे, मिरच्या, हळद, मसाला. सासूबाई स्वतः राबायच्या, मला कधी टोचून बोलल्या नाहीत, पण घरातली पुरुषमंडळी खाली पंख्याखाली आणि आम्ही दोघी 42 डिग्रीत वर. नंतर कौतुक मात्र सगळ्यांनी करायचं की आमच्याकडे सगळं घरचं असतं.

एकदा मी नवऱ्याला हिशोब करून दाखवला. दोन किलो गव्हाच्या कुरडयांना तीन दिवस गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचं, चीक गाळायचा, तो शिजवताना हात मोडेपर्यंत ढवळायचं, मग सोऱ्यातून घालायच्या, दोन दिवस उन्हात राखण करायची. बाहेर बचत गटाच्या बायका तशाच कुरडया करून विकतात. त्यांची किंमत आणि आपल्या गव्हाची-गॅसची किंमत यांतला फरक निघाला तीन-चारशे रुपये. दोन बायकांचा अख्खा आठवडा तीन-चारशे रुपयांसाठी? तेव्हापासून कुरडया आम्ही गटाकडून घेतो. पैसे एका बाईच्याच हातात जातात. हौस म्हणून करायच्या असतील तर करा, पण 'बचत' म्हणून सुनेच्या गळ्यात घालू नका.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

@नांदेडची सून, शंभर टक्के पटलं. माझं मत असं की काम घराचं असेल तर हात सगळ्या घराचे लागले पाहिजेत. आमच्याकडे गच्चीवर धान्य नेणं, पसरवणं, संध्याकाळी गोळा करणं हे माझं आणि मुलाचं काम. निवडायला टीव्हीसमोर सगळे बसतात, प्रत्येकापुढं एकेक ताट. पाखडायला मला येत नव्हतं, आईकडून शिकलो. सुपाला हिसका मनगटानं द्यायचा असतो, खांद्यानं दिला की दाणे पण उडतात. आता मीच पाखडतो आणि घरात सगळ्यात चांगलं पाखडतो.

औसेकर (औसा)

पाण्याचा हिशोब कुणीच काढला नाही म्हणून लिहितो. मराठवाड्यात घरखर्चात पाणी धरलंच पाहिजे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस आम्ही विसरलेलो नाही. तेव्हापासून उन्हाळ्यात टँकर आणि वर्षभर वीस लिटरचा जार हे प्रत्येक घरात घुसलंय. रोज एक जार धरला तर महिन्याला सहाशे ते नऊशे रुपये जातात.

आमचा उपाय छपराचं पाणी. साधा हिशोब आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमची गच्ची 60 चौरस मीटर. मराठवाड्यात पावसाळ्याची सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास धरतात. वाया जाणारं सोडून ऐंशी टक्के हाती लागलं तरी 33 हजार लिटर होतात. एवढी टाकी कुणाच्या घरात नसते, आमच्याकडेही नाही. पाच हजारांची जमिनीखालची टाकी आहे. ती पावसाळ्यात कितीतरी वेळा भरते, उरलेलं पाणी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडतो.

करताना एकच गोष्ट जपा. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर सोडा, गच्चीची धूळ आणि पाखरांची घाण त्यात असते. पाईपला टाकीच्या आधी एक फाटा आणि त्याला झाकण ठेवलं की झालं. त्यानंतर वाळू-खडी-कोळसा असलेल्या ड्रममधून गाळून टाकीत. हे पाणी आम्ही धुणं, भांडी, अंघोळीला आणि डाळ शिजवायला वापरतो. प्यायचं असेल तर उकळून. डाळ या पाण्यात लवकर शिजते, बोअरच्या जड पाण्यात एक शिट्टी जास्त लागायची. गॅस वाचतो तो वेगळाच.

कयाधू (हिंगोली)

गॅसवरून आठवलं. 14.2 किलोची टाकी आमच्याकडे आधी महिना पुरायची नाही, आता दीड महिना जाते. तूरडाळ तासभर भिजवूनच कुकरला लावायची. हरभरा, हुलगे रात्री भिजत. अंघोळीचं पाणी गॅसवर अजिबात नाही. परसात बंब आहे, त्याला तुराट्या आणि पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या आणि कापसाच्या वाळलेल्या काड्या. गावाकडून ट्रॉलीभर आणून ठेवल्या की पावसाळा निघतो. बंब मोकळ्यावरच ठेवा, धूर घरात येता कामा नये. उन्हाळ्यात तर बंबही नको, काळ्या रंगाचा ड्रम गच्चीवर ठेवला की दुपारपर्यंत हात पोळतो इतकं पाणी तापतं.

अंगणवाडी ताई (वसमत)

धान्य साठवण्याबद्दल एक कळकळीची विनंती आहे. सगळ्यांनी वाचा.

खूप घरांत कोठीत सल्फासच्या गोळ्या टाकतात. ती अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी असते. हवेतली ओल लागली की तिच्यातून फॉस्फिन वायू निघतो. तो विषारी आहे आणि त्यावर उतारा नाही. दार-खिडक्या बंद खोलीत कोठी, त्यातच गोळी आणि त्याच खोलीत लेकरं झोपलेली, यात जीव गेलेले आहेत. ती गोळी गोदामाला आहे, जाणत्या माणसाच्या हातून. राहत्या घरात ती आणूच नका. दहा-वीस किलो धान्याला कीड लागली तर नुकसान हजाराचं. जिवाचं नुकसान कशानं भरून निघत नाही.

मी काय करते ते सांगते. मार्च-एप्रिलच्या उन्हात धान्य पातळ पसरून दोन-तीन दिवस कडक वाळवायचं. संध्याकाळी लगेच कोठीत भरायचं नाही. सावलीत गार होऊ द्यायचं. गरम भरलं की कोठीला आतून घाम सुटतो आणि तिथूनच सोंडे लागतात. कडूनिंबाचा पाला सावलीत वाळवून तळाला, मधे आणि वर थर देऊन. पाला हिरवा टाकू नका, ओल होते. डाळीला एरंडेल तेल, किलोला एक छोटा चमचा, दोन्ही हातांनी चोळून प्रत्येक दाण्याला लागलं पाहिजे. डाळ करायच्या आधी नुसती तूर ठेवायची असेल तर पत्र्याच्या कोठीचं झाकण घट्ट, कोठी भिंतीपासून चार बोटं लांब आणि विटांवर. पावसाळ्यात महिन्यातून एकदा हात घालून बघायचं, आतून ऊब लागली तर समजायचं की किडीनं सुरुवात केलीय. उघडीप मिळाली की बाहेर काढून ऊन द्यायचं.

बालाघाट (बीड)

ताई, हे फार मोलाचं लिहिलंत. आमच्या वस्तीवर आज रात्रीच वाचून दाखवतो.

जालनेकर (जालना)

मोसंबीच्या सालीचं फरशी पुसायचं पाणी कुणी करत नाही का? आमच्याकडे मोसंबीचा ढीग असतो, साली फेकल्या जायच्या. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी प्लास्टिकच्या बरणीत. पहिला महिना रोज झाकण उघडून गॅस सोडायचा, नाहीतर बरणी फुगते. काच तर वापरूच नका. तीन महिन्यांनी गाळून घ्यायचं. फरशी पुसायला, बेसिनला, गॅसच्या ओट्याला चालतं. यानं जंतू मरतात असं मी म्हणणार नाही, पण चिकटपणा निघतो आणि फरशीच्या बाटलीचे पैसे वाचतात.

दुधनाकाठ (सेलू)

येसरचं, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळीच्या मसालेदार पिठाचं, कुणी लिहिलं नाही! मराठवाड्याच्या धाग्यात येसर नाही म्हणजे काय.

तूरडाळ दीडशेच्या वर गेली होती त्या दिवसांत आमच्या घरी आठवड्यातून तीनदा येसर आमटी व्हायची आणि कुणाला वरणाची आठवण यायची नाही. माझ्या आईची पद्धत सांगते. गहू, हरभरा डाळ, थोडे तांदूळ, थोडे उडीद हे वेगवेगळे भाजायचे. एकत्र भाजले की तांदूळ जळतो आणि हरभरा कच्चा राहतो. मंद आचेवर, हरभरा डाळीचा खमंग वास सुटून रंग बदामी होईपर्यंत. मग धने, जिरे, सुकं खोबरं, वाळलेली मिरची थोड्या तेलावर, शेवटी लवंग-दालचिनी आणि हळद-हिंग. सगळं गार झालं की जाडसर दळून आणायचं. कांडपावर मिरची दळलेली असेल तर लगेच त्याच्यावर दळू नका, आधी दुसऱ्याचं दळण जाऊ द्या.

आमटीला दोन मोठे चमचे येसर पाण्यात कालवून, लसूण-कढीपत्त्याच्या फोडणीत सोडायचं, गूळ-चिंच घालून चांगली उकळी. चार माणसांना पुरते. डाळ शिजवायची नाही म्हणून गॅसही कमी. किलोभर येसर केलं तर बरेच महिने टिकतं. पावसाळ्यात भाजी महाग होते तेव्हा याच्याइतका आधार कशाचाच नाही.

नांदेडची सून (नांदेड)

याला मात्र माझा पूर्ण पाठिंबा. एका दुपारचं काम आणि महिनोन्महिने उपयोग. काय घरी करावं आणि काय विकत घ्यावं हे ठरवायला मी हेच बघते. एकदा हात लावला की किती दिवस पुरतं? येसर, मसाला, शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी, डाळ, वाळवलेल्या भाज्या हे घरी. कुरडया, पापड, शेवया गटाकडून.

भाज्यांबद्दल सांगायचं तर मेथी, कोथिंबीर, टोमॅटो ज्या आठवड्यात शेतकऱ्याला काहीच मिळत नाही त्या आठवड्यात घ्या, पण त्याला बरा भाव देऊन घ्या. आपल्याला तरी पावसाळ्यापेक्षा स्वस्तच पडतं. मेथी सावलीत वाळते, उन्हात काळी पडते. टोमॅटोच्या चकत्यांना मीठ लावून दोन दिवस कडक ऊन. गवारीच्या शेंगा आणि वांग्याच्या काचऱ्या वाळवून ठेवल्या की आषाढात शेंगदाण्याचं कूट घालून रस्सा होतो.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

विजेबद्दल दोन ओळी. महावितरणच्या बिलात शंभर युनिटच्या पुढं दर एकदम चढतो. आमचं घर 110-120 वर असायचं. जुना पंखा बदलला, फ्रीजच्या दाराचं रबर नवीन बसवलं, आता शंभरच्या आत राहतो. कूलर मात्र लागतोच, इथल्या मे महिन्यात त्याला पर्याय नाही. गच्चीवर सौर बसवायचं असेल तर केंद्राच्या सूर्यघर योजनेत 2 किलोवॅटपर्यंत किलोवॅटला 30 हजार आणि 3 किलोवॅट किंवा जास्तीला 78 हजार अनुदान आहे. वापर तीनशे युनिटच्या आसपास असेल त्यांनी विचार करावा. आमच्यासारख्या शंभरच्या घराला पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतील.

तेरणा (धाराशिव)

जुन्या लुगड्या-साड्यांच्या वाकळी कुणी शिवतं का अजून? माझी आई शिवते, पंच्याहत्तरीची आहे. चार साड्या एकावर एक, बाहेरून सुती, आत जुनी धोतरं-चादरी. कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेऱ्या घालत मधे यायचं, म्हणजे आतलं कापड गोळा होत नाही. दुकानातली ब्लँकेट दोन हिवाळ्यांत गोळे धरतात, आईची वाकळ मी कॉलेजात असताना शिवलेली अजून आहे. गल्लीतल्या नव्या सुनांना शिकायची असेल तर ती आनंदानं शिकवते, सुई-दोरा आणि वेळ एवढंच आणा म्हणते.

मांजराकाठ (लातूर)

केवढं काय काय मिळालं या धाग्यातून. मी आमच्या शाळेतल्या मदतनीस ताईंना आणि गल्लीतल्या काही जणींना भिशीबद्दल बोलले. सातजणी तयार आहेत, जूनपासून सुरू करतोय. आठवड्याला शंभर, म्हणजे ज्यांना रोजंदारी आहे त्यांनाही जमेल. कुरडयांचं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, यंदा गटाकडूनच आणू, पण सांडगे मी करणार आणि पोरांनी घालू लागायचं. ठरलं.

@कयाधू, एक विचारायचंय. वाटप करताना तोलाचा वाद होत नाही का? आणि @मोंढ्यातला माणूस, सातजणींची मिळून चार-पाच क्विंटल तूर थेट आडतीवरून मिळेल का, की खळ्यावरूनच बघावी?

कयाधू (हिंगोली)

वाद होऊ नये म्हणून वाटप एकीच्या अंगणात सगळ्यांच्या समोर करतो. इलेक्ट्रिक काटा गटाचा आहे. तळाचा चाळ-माती निघालेला माल असतो तो सगळ्यांत सारखा वाटायचा, शेवटी येणारीच्या वाट्याला टाकायचा नाही. दर वर्षी वाटपाची सुरुवात वेगळ्या घरापासून. वहीवर प्रत्येकीची सही किंवा अंगठा, किती पैसे भरले आणि किती किलो नेलं.

मोंढ्यातला माणूस (परभणी)

@मांजराकाठ, पाच क्विंटल म्हणजे पन्नास किलोचे दहा कट्टे, एवढी घेणाऱ्याला आडतीवर कुणी नाही म्हणत नाही. पण तुम्हाला एकसारखा माल पाहिजे असेल तर एकाच शेतकऱ्याचा घ्या. लिलावाला सकाळी लवकर या, ढीग पाखरानं टोचल्यासारखा वरवर बघू नका, कोपरापर्यंत हात घालून आतला दाणा काढून बघा. वर कोरडा आणि आत ओला असा माल असतो. तोल होईपर्यंत काट्याजवळ उभ्या राहा, रिकाम्या कट्ट्याचं वजन वजा झालंय का ते बघा आणि पक्की पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. पावतीवर वजन, भाव, हमाली, तोलाई वेगवेगळी लिहिलेली असली पाहिजे. गाडी आणायच्या आधी डाळ मिलवाल्याला विचारून नंबर लावून ठेवा, फेब्रुवारीत त्यांच्याकडे रांग असते.